आवाज निघालाय, पोचला नाही

काल दुपारी कंपनीचा मेसेज आला : 'आपल्या तक्रारीचे यशस्वीरीत्या निवारण करण्यात आले आहे. कृपया पाच स्टार देऊन आम्हाला प्रोत्साहित करावे.' मेसेज वाचत होतो तेव्हा समोर टीव्हीवर सिनेमा लागलेला होता आणि एक बाई कुणाच्या तरी पार्थिवावर पडून, छाती बडवत, अजिबात आवाज न करता रडत होती. म्हणे निवारण!

झालं होतं असं, की दसऱ्याला टीव्ही नवा घेतला आणि होम थिएटर जुनंच ठेवलं. पाच स्पीकर, एक सबवूफर, सगळं ठणठणीत. टाकायचं कशाला? टीव्ही बसवायला आलेल्या पोरानं एचडीएमआयची वायर एआरसी लिहिलेल्या खोबणीत बरोबर घातली (टीव्हीला अशा खोबणी तीन-चार असतात, पण आवाज बाहेर रिसीव्हरकडं, म्हणजे स्पीकरना आवाज वाटणाऱ्या होम थिएटरच्या यंत्राकडं, धाडणारी त्यातली एकच), पेढा खाल्ला आणि गेला. बातम्यांना आवाज, क्रिकेटला आवाज, जाहिरातींना तर नको तेवढा आवाज. फक्त ॲपवरचा सिनेमा लावला की सगळे मुके.

मग फोनाफोनी. टीव्हीवाले म्हणाले, रिसीव्हर जुना आहे, त्यांना विचारा. रिसीव्हरवाले म्हणाले, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला, टीव्हीवाल्यांना विचारा. ॲपवाल्यांकडं माणूसच नाही. तिथं एक यंत्र 'मी आपली काय मदत करू?' असं लिहितं आणि मदत सांगितली की पुन्हा तेच लिहितं. एका बाईंनी फोनवर विचारलं, "सर, सीईसी ऑन आहे का?" आता हे सीईसी, म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून एका यंत्रानं दुसऱ्याला हुकूम सोडायची सोय, मेनूत त्या नावानं सापडेल तर शपथ! एका कंपनीत ते ॲनिनेट, दुसरीत सिम्पलिंक, तिसरीत ब्राव्हिया सिंक. बारशाला तीन आत्या जमाव्यात आणि प्रत्येकीनं पोराच्या कानात वेगळंच नाव सांगावं, तसा प्रकार. चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा, सिनेमा तिसऱ्याचा, आणि मधली वायर कुणाचीच नाही. पैसे मात्र सगळ्यांना माझ्याच खिशातून गेलेत.

शेवटी टीव्हीवाल्यांनी इंजिनिअर पाठवला. पाठीला सॅक, हातात मोबाईल. चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "सर, ओटीपी सांगा."

"अहो, आधी बघा तरी."

"ओटीपी टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही सर."

सांगितला. माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. दुसरा उपाय काय होता?

नेमके त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे तात्या आमच्याकडं पेपर वाचत बसले होते. तात्या स्वतः पेपर घेत नाहीत, कारण 'काय असतंय त्यात?' आमचा मात्र ते छोट्या जाहिरातींसकट वाचतात. उभी हयात त्यांनी कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. ते टॉकीज आता पडलं, पण पडद्यावर हलणारी कुठलीही गोष्ट आपल्या हद्दीत येते, यावर तात्या ठाम आहेत.

इंजिनिअरनं बातम्या लावल्या. आवाज दणक्यात आला.

"येतोय की सर!"

"बातम्यांना येतोय हो. सिनेमाला येत नाही."

"मग बातम्याच बघा की," तात्या पेपरातनं म्हणाले.

सिनेमा लावला. शांतता. इंजिनिअरनं रिमोटची बटणं दाबली, सेटिंगमध्ये शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. टीव्ही बंद करून चालू केला. प्लग काढून घातला. तात्यांनी पेपराची घडी घातली. ही घडी पडली की माझ्या पोटात गोळा येतो.

"पोरा, एक्सायटर बघ आधी."

"काय बघू काका?"

"एक्सायटर! दिवा! आवाज दिव्यानं येतोय."

"काका, यात दिवा नसतो. हे डिजिटल आहे."

"दिव्याबिगर आवाज? कुणी शिकिवलं तुला?" तात्या उठून उभेच राहिले. "फिल्मच्या कडंला आवाजाची रेघ असती. तिच्यातनं एक्सायटरचा उजेड जातोय, पलीकडं उजेड टिपणारा सेल असतोय. रेघ हलंल तसा उजेड हलतोय, आन् उजेड हलंल तसा आवाज. दिवा उडाला की हिरोईन मुकी! आन् पब्लिक? पब्लिक मुकं ऱ्हात न्हाई, लेका. खुर्च्या फाडतंय!"

इंजिनिअर माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं. एवढ्यात त्यानं 'दुसरी केबल लावून बघू' म्हणून सॅकमधनं ऑप्टिकल केबल काढली, एक टोक टीव्हीच्या मागं खुपसलं आणि दुसरं टोक हातात धरून वळला. त्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा, लालभडक उजेड.

तात्यांचं तोंड असं उजळलेलं मी त्यांच्या नातवाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"ह्यो काय मग? आं? ह्यो काय देव्हाऱ्यातला हाय व्हय?"

"काका, ते फायबर आहे, त्यातनं लाइट जातो..."

"आन् मी काय सांगत हुतो मघापासनं?"

यावर इंजिनिअरच काय, ती केबल शोधणाऱ्यानंही मान खाली घातली असती. केबल रिसीव्हरला लावली. सिनेमा मुकाच. तात्या खाली वाकले, टोक पुन्हा उपसलं, तळहातावर तो लाल ठिपका पाडून बघितला आणि निकाल दिला : "दिवा हाय. म्हंजे आवाज निघालाय, पोचला न्हाई. टीव्ही निर्दोष हाय. तू जा."

आणि तो गेला की हो! "बघा सर, काकापण म्हणतात टीव्हीत फॉल्ट नाही," असं म्हणत त्यानं मोबाईलवर चार ठिकाणी टिचक्या मारल्या, केबल सॅकेत कोंबली आणि जिना उतरला. ओटीपी त्याच्याकडं होताच.

तात्या बसून राहिले. चहा झाला. मग प्रभात निघालं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३२ साली तिनं मराठीतला पहिला बोलपट इथंच केला आणि पुढच्याच वर्षी ती पुण्याला गेली. ही गोष्ट तात्या अशा सुरात सांगतात की जणू कंपनी त्यांचं भाडं थकवून पळाली. त्याच्याही आधी बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, तेव्हा कुणी ओटीपी मागितला नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. ज्या गावात मराठी सिनेमा बोलायला लागला, त्याच गावात नव्वद वर्षांनी माझ्या हॉलमध्ये तो पुन्हा मुका झाला होता आणि त्याचं मला पाच स्टारचं बिल आलं होतं.

बरं, आवाजाची या गावाला टंचाई आहे म्हणावं, तर तसंही नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीची भिंत चौकात आली की आमच्या खिडकीच्या काचाच काय, फडताळातली बरणीसुद्धा जागची सरकते. त्या भिंतीला कधी सीईसी ऑन आहे का विचारावं लागत नाही. पैसे मोजून घेतलेल्या सहा डब्यांतून एक माणूस 'आई' म्हणालेला ऐकू यावा, एवढंच माझं मागणं होतं.

रात्री मीच बसलो. मेनूत 'साउंड', त्यात 'ॲडव्हान्स्ड', त्यात 'डिजिटल आउटपुट'. तिथं चार पर्याय : ऑटो, पास-थ्रू, पीसीएम (म्हणजे घडी न घातलेला साधा आवाज), डॉल्बी डिजिटल (म्हणजे घडी घालून पाठवलेला). टीव्ही पास-थ्रूवर होता. म्हणजे ॲपकडून येईल ते जसंच्या तसं पुढं ढकलत होता. ॲप पाठवत होतं डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे त्याच घडीची नवी तऱ्हा, आणि आमच्या जुन्या रिसीव्हरला त्यातलं 'प्लस' कळत नव्हतं. बातम्यांचा साधा आवाज त्याला समजत होता. इतकंच. तीन कंपन्यांच्या शहाण्यांना फोनवर एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं? का ते बोलायला मनाई आहे?

पीसीएम केलं. बाई एकदम मोठ्यानं रडली, आतून ही धावत आली. पण आवाज फक्त पुढच्या दोन स्पीकरना आणि सबवूफरला. मधला आणि मागचे दोघे शोभेला. ऑप्टिकल असो की एआरसी, पीसीएम म्हटलं की डावा आणि उजवा, संपला विषय. मग डॉल्बी डिजिटल केलं. सहाही वाजले! मागच्या स्पीकरमधनं पाऊस पडला, मधल्यातनं भटजी बोलले. आणि मग लक्षात आलं, की भटजींचे ओठ मिटल्यावर मंत्र येतोय. टीव्ही त्या 'प्लस'चं साध्या डॉल्बीत रूपांतर करत बसतो, त्यात वेळ जातो. रिसीव्हरमध्ये 'ऑडिओ डिले' नावाची सोय आहे. मोठ्या आशेनं उघडली. तिच्यात आवाज आणखी मागं ढकलता येतो. पुढं ओढता येत नाही.

आज संध्याकाळी तात्यांना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "लूप मोठा पडलाय."

"म्हणजे?"

"फिल्मवर आवाज चित्राच्या वीसेक फ्रेम पुढं छापलेला असतोय. चित्राची खिडकी वर, एक्सायटर खाली. मधी फिल्मचा लूप सोडायचा असतोय. लूप मोठा पडला की आवाज मागनं येतोय. दोन फ्रेम काढ, जाग्यावर येतंय."

"तात्या, कुठनं काढू?"

"ते मला काय इचारतोस? तुमचं डिजिटल हाय." मग जरा वेळानं, "आमच्यात असं झालं की पब्लिक मागं वळून कॅबिनकडं बघून बोंबलायचं. ऑपरेटर हडबडून उठायचा. हितं कुणाकडं बघून बोंबलायचं?"

एवढं बोलून त्यांनी सोफ्यावरच मान वळवली, हॉलच्या मागच्या भिंतीकडं तोंड केलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "ए ऑपरेटर! झोपलास काय रं?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी टपकन टीव्ही बारीक केला.