पाटी पूर्ण कोरी होत नाही

सगळीकडे फिरणारा एक दावा असा आहे: 'गर्भधारणा झाली की आईवडिलांच्या डीएनएवरच्या सगळ्या रासायनिक खुणा पुसल्या जातात. बाळाची पाटी कोरी होते, म्हणून जनुक आईकडून आलं की वडिलांकडून, याने काही फरक पडत नाही.' यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तो चटकन पटतो. पण 'सगळ्या' हा शब्द चूक आहे आणि 'म्हणून'च्या पुढचं तर साफ चूक.

खरं तेवढं आधी मान्य करतो. फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मिथाइल खुणा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांवर चिकटलेले छोटे रासायनिक गट, मोठ्या प्रमाणावर जातात. पेशी विभागताना डीएनएची नवी साखळी कोरीच तयार होते. जुनीवरची खूण तिच्यावर कोणी उतरवलीच नाही, तर चार विभाजनांनंतर 16 साखळ्यांत एखादीवरच ती सापडेल.

पण काही जागी जनुक आईकडचं की वडिलांकडचं हे सांगणारी खूण टिकते; याला इम्प्रिंटिंग म्हणतात. मग तिथे ती टिकते कशी? 'तिथली शाई पक्की असते' असं उत्तर मिळतं. तेही खोटं. मिथाइल खूण सगळीकडे सारखीच. वेगळी असते ती तिची राखण. झेडएफपी५७ हे प्रथिन टीजीसीसीजीसी ही सहा अक्षरं शोधतं, आणि त्यांवर मिथाइल असेल तरच घट्ट बसतं. आईची प्रत आणि वडिलांची प्रत, दोन्हींत अक्षरं तीच. तरी ते खूण असलेलीच प्रत धरतं. मला या साऱ्या यंत्रणेत सर्वांत विलक्षण वाटते ती ही पारख. पुढे ते केएपी१ या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं, त्यासोबत सेटडीबी१ हे प्रथिन येऊन शेजारच्या हिस्टोनवर (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर) कुलूप घालतं. अर्धवट खूण असलेली, म्हणजे फक्त जुन्या साखळीवर खूण असलेली जागा यूएचआरएफ१ हे प्रथिन ओळखतं, आणि डीएनएमटी१ हे प्रथिन नव्या साखळीवर खूण उतरवतं. हे काम दर विभाजनाला नव्याने करावं लागतं.

राखणदार बिघडला तर काय होतं, तेही माहीत आहे. जन्मतःच तात्पुरता मधुमेह झालेल्या काही बाळांत झेडएफपी५७च्या जनुकात दोष असल्याचं 2008 मध्ये दिसलं. त्यांच्या डीएनएवर एकाहून अधिक ठिकाणच्या इम्प्रिंट खुणा गेल्या होत्या.

'फरक पडत नाही' याला तर 1984 मध्येच उत्तर मिळालं. उंदरांच्या भ्रूणांत दोन्ही केंद्रकं आईकडची किंवा दोन्ही वडिलांकडची घातली. जनुकांचा संच पुरा असूनही पिल्लं जन्मली नाहीत. माणसांत 15व्या गुणसूत्राचा तोच तुकडा वडिलांच्या प्रतीतून गळाला तर प्रेडर-विली सिंड्रोम होतो, आईच्या प्रतीतून गळाला तर अँजेलमन हा वेगळाच विकार.

या खुणा खरोखर पुसल्या जातात, पण वेगळ्या वेळी: वाढत्या गर्भाच्या स्वतःच्या बीजपेशींत. मुलाला आईकडून मिळालेली प्रत त्याच्या शुक्राणूत जाते तेव्हा तिच्यावर आईची खूण राहिलेली नसते, वडिलांची म्हणून नवी मांडणी झालेली असते.