देव न मानणाऱ्यालाही विधी लागतात

देव नाकारला की प्रार्थना, उपवास, विधी हे सगळं आपोआप निरर्थक ठरतं, हा एका लेखात वाचलेला मुद्दा मला पटला नाही. मी स्वतः देव मानत नाही, तरीही.

पूर्वमीमांसकांनी, म्हणजे वेदांमधल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी, जगाचा निर्माता ईश्वर मानला नाही, पण यज्ञकर्माचा त्यांच्याइतका काटेकोर विचार क्वचितच कुणी केला असेल. (वेदांवर त्यांची श्रद्धा होती हे खरं, पण ईश्वरावाचून कर्म चालतं एवढं तरी यातून दिसतं.) बौद्ध आणि जैनही निर्माता देव मानत नाहीत. ध्यान, उपवास, क्षमायाचना त्यांच्याकडे आहेच.

वडील गेले तेव्हा मला हे फार जवळून कळलं. काय बोलावं, कुठे बसावं, काहीच सुचत नव्हतं. ठरलेला क्रम होता म्हणून हात चालत राहिले, माणसं येत राहिली. ज्यू लोक जवळचं माणूस गेल्यावर सात दिवस घरी बसून शोक पाळतात. देव न मानणारे कित्येक ज्यूही तो पाळतात, ते का, हे मला आता समजतं. दुःखाला जागा मिळते आणि मुदतही.

ज्या विधीत भीती घातली जाते, सक्ती होते किंवा कुणाला बाहेर ठेवलं जातं, तो मात्र सोडायलाच हवा. तिथे परंपरेची सबब मला मान्य नाही. आणि प्रार्थनेचे शब्द पटत नसतील तर? मी गप्प उभा राहतो. कुणी विचारलंच तर सांगतो, माझा विश्वास नाही, पण मी तुमच्यासोबत आहे.