‘जखमेला हवा लागू द्या’ या मेसेजला उत्तर

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षातून चारदा तरी फिरून येतो. ‘जखम झाकू नका, हवा लागू द्या. पट्टीखाली ओल राहते, ओलीत पू होतो. खपली धरली की जखम बरी झालीच समजा. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, फेस आला म्हणजे जंतू मेले. पट्टी असेलच तर एका झटक्यात ओढा, दुखत नाही.’

गेल्या महिन्यात तो वाचून काकांनी माझ्या 78 वर्षांच्या वडिलांच्या नडगीवरची पट्टी ओढली. पायरीवर घसरून झालेली जखम रुपयाच्या नाण्याएवढी होती. चिकटपट्टीबरोबर शेजारची कातडी पापुद्र्यासारखी निघून आली आणि ही नवी जखम पहिलीच्या तिप्पट झाली. काकांनी केलं ते काळजीपोटीच. म्हणून त्यांच्यावर न चिडता त्या मेसेजचं एकेक वाक्य घेते.

‘हवा लागू द्या, खपली धरू द्या.’ वरवरची जखम भरते ती कडेच्या कातडीतल्या पेशी सरकत सरकत उघडी जागा झाकतात म्हणून, आणि सरकायला त्यांना ओल लागते. वर वाळलेली खपली असली की त्यांना तिच्याखालून, ओलसर थरापर्यंत उतरून वाट काढावी लागते. संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर वरवरच्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ फिल्मने झाकल्या. 1962 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. पुढच्याच वर्षी माणसांच्या जखमांवरही तसंच दिसलं. खपली हे शरीराने तात्पुरतं घातलेलं झाकण आहे. ती धरली म्हणजे जखम भरली असं नाही.

ओल म्हणजे चिंब मात्र नव्हे. तासभर कपडे धुतल्यावर बोटं पांढरी पडून सुरकुततात, तशी जखमेची कड दिसली तर पाणी जास्त झालं आहे. भिजलेली, वास येणारी पट्टी दिवसेंदिवस तशीच ठेवली तर चिघळणारच, मेसेजमधली भीती तेवढ्यापुरती खरी आहे. पण त्यावरचा उपाय पट्टी बदलणं हा आहे, जखम उघडी टाकणं नाही. जखमेतून लस, म्हणजे पातळ स्राव, किती वाहते ते पाहून ड्रेसिंग निवडतात. फार वाहत असेल तर समुद्री शेवाळापासून केलेलं अल्जिनेट, जे लस शोषून जेलसारखं होतं, किंवा फोम. थोडीच असेल तर पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. या फिल्ममधून वाफ बाहेर जाते, पाणी आणि जंतू आत येत नाहीत. म्हणजे पट्टीखाली जखम ‘गुदमरते’ हेही खरं नाही.

हे सगळं महागडं आणि परदेशी, असं कुणी म्हणेल. त्यांना मुंबईची आठवण करून द्यावीशी वाटते. डॉ. एम. एच. केसवानी यांनी 1980च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पानं निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर लावली. केळीचं पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे काढताना कोवळी कातडी सोबत येत नाही. कोरडं गॉज सोडताना जो जीव जातो, तो इथे वाचतो. (घरी परसातलं पान तोडून लावू नका. तिथे ते निर्जंतुक केलेलं असतं.)

‘फेस आला म्हणजे जंतू मेले.’ आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, त्याचा तो फेस. जखमेत एकही जंतू नसला तरी येणारच. उलट रोज ओतलं तर जखम भरणाऱ्या पेशींनाच इजा होते. साध्या खरचटण्याला पिण्याजोगं वाहतं पाणी पुरतं.

‘एका झटक्यात ओढा.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. वय वाढलं की कातडीचे वरचा आणि खालचा हे दोन थर एकमेकांत पूर्वीसारखे घट्ट गुंतलेले राहत नाहीत. नेहमीच्या अॅक्रिलिक गोंदाची पकड तर जितके तास जातील तितकी वाढते. झटका दिला की गोंद सुटत नाही, कातडी सुटते. एक कोपरा उचलायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडी दाबून धरायची आणि पट्टी वर न उचलता, कातडीला समांतर, केसांच्या दिशेने हळूहळू मागे वळवायची. पारदर्शक फिल्म असेल तर ती कातडीलगत ताणायची, पकड आपोआप सुटते. लावतानाही पट्टी ताणून लावू नये, ताणाने कडेला फोड येतात. म्हाताऱ्यांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी सिलिकॉनची पट्टी मिळते का, ते दवाखान्यात जरूर विचारा. सलाईनच्या सुईवर किंवा नळीवर लावलेली पट्टी मात्र घरच्यांनी सोडूच नये, नळी हलली किंवा निघाली तर पुन्हा टोचावं लागतं.

दोन जखमांना यातलं काहीच लावू नका. कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि पट्टी न बांधता लगेच रेबीजच्या लशीसाठी जा. आणि मधुमेहाच्या रुग्णाचं बोट काळं, कोरडं पडलं असेल तर त्यावर ओल धरणारं काहीही घरी न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.