‘रोज मरे त्याला कोण रडे’ आणि अमेरिकेतले गोळीबार

अमेरिकेत कुठे मोठा गोळीबार झाला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. अमेरिकन लोकांना आता याचं काही वाटेनासं झालंय. वीस चिमुकली मुलं मेली तेव्हाच त्यांनी हे चालवून घ्यायचं ठरवलं. तेव्हापासून एक कायदा बदललेला नाही. सगळ्या देशाला बंदुकांचं वेड आहे, आणि ऑस्ट्रेलियाने बारा दिवसांत जे केलं ते यांना करायचंच नाही. शेवटी ‘रोज मरे त्याला कोण रडे’ आणि हात जोडलेला इमोजी.

यातली दुसरी ओळ तशी जुनी आहे. जून 2015 मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांची हत्या झाली, तेव्हा डॅन हॉजेस या ब्रिटिश स्तंभलेखकाने याच आशयाचं ट्विट केलं होतं: मुलांचं मरण सोसण्याजोगं आहे असं अमेरिकेने एकदा ठरवलं, तिथेच बंदुकांवरचा वाद संपला. दर मोठ्या गोळीबारानंतर ते पुन्हा वर येतं. वाक्य धारदार आहे, म्हणूनच ते चालतं. पण त्यात सांगितलेलं घडलेलं नाही.

‘एक कायदा बदललेला नाही’ हे आधी घेऊ, कारण ते तपासायला सर्वांत सोपं.

14 डिसेंबर 2012 रोजी कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावात, सँडी हूक प्राथमिक शाळेत सहा-सात वर्षांची 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. चार महिन्यांनी, 17 एप्रिल 2013 ला, बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची व्याप्ती वाढवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये पडली. इथपर्यंत मजकूर बरोबर. पण अमेरिकेत बंदुकांचे बहुतेक कायदे राज्यं करतात, आणि मजकूर लिहिणाऱ्याची नजर वॉशिंग्टनच्या पलीकडे जात नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्क, कनेटिकट, मेरीलँड आणि कोलोराडो या चार राज्यांनी कडक कायदे केले. 2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 17 जण मेले. साडेतीन आठवड्यांच्या आत तिथल्या रिपब्लिकन गव्हर्नरने, रिक स्कॉट यांनी, खरेदीचं किमान वय 21 करणाऱ्या आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने बंदूक काढून घेता येईल अशी तरतूद असलेल्या कायद्यावर सही केली. या तरतुदीला तिकडे रेड फ्लॅग कायदा म्हणतात. बंदूकवाल्यांच्या संघटनेचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या राज्यातली ही गोष्ट. पुढे इलिनॉय, वॉशिंग्टन राज्य, मिशिगन.

मिशिगनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. तिथल्या ऑक्सफर्ड गावात नोव्हेंबर 2021 मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना मारलं. त्याला बंदूक घेऊन देणाऱ्या आई-वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला, आणि 2024 मध्ये दोघांनाही किमान 10 वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक हत्येसाठी आई-बाप दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ. ज्यांनी दोघांना दोषी ठरवलं ते ज्यूरीतले लोक त्याच जिल्ह्यातले साधे रहिवासी होते. काही वाटेनासं झालेली माणसं असे निकाल देत नाहीत.

आणि त्याही आधी व्हर्जिनिया टेक. 16 एप्रिल 2007 ची ती सकाळ मुंबईत अनेकांना आठवत असेल, कारण मेलेल्या 32 जणांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. मारेकरी स्वतःला धोका ठरू शकतो असं न्यायालयाने आधीच म्हटलं होतं, पण ती नोंद बंदूक विकताना तपासल्या जाणाऱ्या यादीत पोचलीच नव्हती. ही फट बुजवण्यासाठीचा केंद्रीय कायदा जानेवारी 2008 मध्ये झाला, बुश अध्यक्ष असताना.

मात्र कायदे बदलतात म्हणजे ते कडकच होतात असं नाही. या मजकुराला मुळीच न दिसणारी बाजू हीच, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचीही. 2019 मध्ये टेक्ससच्या एल पासोत एका वॉलमार्टमध्ये 23 जण मारले गेले. दोन वर्षांनी त्याच टेक्ससने परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरायला मुभा दिली. आज 29 राज्यांत अशी मुभा आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लुका, मल्होत्रा आणि पोलिक्विन या संशोधकांनी पंचवीस वर्षांच्या कायद्यांचा हिशेब मांडला. सामूहिक गोळीबारानंतर त्या राज्यात बंदुकांविषयी मांडल्या जाणाऱ्या विधेयकांची संख्या 15 टक्क्यांनी वाढते, आणि विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हाती असेल तर बंधनं सैल करणारे कायदे 75 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे हादरा बसतो. पण त्याच हादऱ्याने एक राज्य बंदूक कपाटात बंद करायला सांगतं आणि दुसरं ती कमरेला लावायला.

लोकांचंही तसंच. सँडी हूकच्या महिन्यात बंदूक खरेदीसाठीच्या तपासण्या 27 लाखांच्या पुढे गेल्या, तोवरचा तो उच्चांक होता. काहींना वाटलं आता बंदी येणार, काहींना वाटलं आता आपणही बंदूक ठेवायला हवी. घराघरांत नव्या बंदुका आल्या आणि पुढच्या महिन्यांत अपघाताने गोळी लागून मरणाऱ्यांत, त्यातही लहान मुलांत, वाढ झाल्याचं संशोधकांना दिसलं. याला तुम्ही भीती म्हणा, वेडेपणा म्हणा. बधिरपणा कसा म्हणणार?

आता ‘काही वाटेनासं झालंय’. केएफएफ या आरोग्य क्षेत्रातल्या संस्थेने 2023 मध्ये केलेल्या पाहणीत 84 टक्के प्रौढांनी सांगितलं की बंदुकीच्या भीतीपोटी त्यांनी काही ना काही खबरदारी घेतली आहे. कुणी गर्दीची ठिकाणं टाळतात, कुणी मुलांशी बसून बोलले, 29 टक्क्यांनी बंदूक घेतली. पाचांतल्या एकाने सांगितलं की घरातलं कुणीतरी बंदुकीने गेलं आहे, आत्महत्या धरून. प्राणघातक गोळीबार झालेल्या शाळांच्या आसपास राहणाऱ्या किशोरवयीनांत नैराश्यावरच्या औषधांचा वापर 21 टक्क्यांनी वाढला आणि दोन वर्षांनंतरही उतरला नाही, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं. ज्यांची भाची, पुतण्या, नातवंडं डॅलसच्या किंवा न्यू जर्सीच्या शाळेत आहेत त्यांनी हा मजकूर पुढे ढकलण्याआधी एक फोन करावा आणि लॉकडाऊन ड्रिलमध्ये, म्हणजे बंदूकधारी शाळेत शिरला तर लपायच्या सरावात, काय करतात ते विचारावं. दिवे घालवायचे, दाराला कुलूप, खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायचं, आवाज करायचा नाही. बालवाडीतल्या मुलांनाही हे शिकवतात. मूल घरी येऊन हे जेवताना सहज सांगून जातं, आणि आईबापाचा घास हातातच राहतो. पण चार दिवसांनी ते त्याला पुन्हा शाळेत पाठवतात, कारण पाठवावंच लागतं. दुरून पाहणाऱ्याला हेच काही न वाटणं वाटतं.

मजकुरात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करायलाच हवी. लक्ष फार काळ टिकत नाही. कायदे कडक असावेत असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहण्यांत मोठ्या घटनेनंतर वर जातं आणि काही महिन्यांत खाली येतं. जानेवारी 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पार्कला 11 जण मेले, दोन दिवसांनी त्याच राज्यात हाफ मून बेला 7. दुसरं नाव किती जणांना आठवतं? बातमी होण्यासाठी लागणारा आकडाच वर सरकला आहे.

पण या आकड्यांतही एक गोंधळ आहे. ‘रोज दोन मास शूटिंग’ हे ज्या गन व्हायलन्स आर्काइव्हच्या मोजणीवरून म्हणतात, तिथे चार किंवा जास्त जणांना गोळी लागली की घटना मोजली जाते, कुणी मेलं नाही तरी. 2021 ते 2023 या प्रत्येक वर्षी अशा सहाशेहून जास्त घटना झाल्या. कुणीतरी शाळेत, दुकानात शिरून गोळ्या झाडतो तशा प्रसंगांची एफबीआयची 2023 ची संख्या होती 48. फरक आहे तो पार्ट्यांतली भांडणं, टोळ्यांचे हिशेब, घरातल्या हत्या यांचा. 2 जुलै 2023 ला बाल्टिमोरच्या एका गरीब वस्तीत रस्त्यावरच्या उत्सवात 2 जण मेले, 28 जखमी झाले, बहुतेक किशोरवयीन. त्यावर आपल्याकडे एकही मजकूर फिरला नाही. अमेरिकेतही फार दिवस कुणी बोललं नाही. अशा वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी तो देश कधी फारसा हळहळलाच नव्हता, त्यामुळे इथे संवेदना हरवल्याचं म्हणताही येत नाही. आणि 2023 मध्ये बंदुकीने गेलेल्या जवळपास 46,700 माणसांपैकी 27 हजारांहून जास्त आत्महत्या आहेत. बधिरपणा शोधायचाच असेल तर तो इथे सापडतो. सँडी हूकमध्ये नाही.

‘सगळ्या देशाला बंदुकांचं वेड’ हे एका परिच्छेदात संपवता येतं. प्यू या संशोधन संस्थेच्या 2023 च्या पाहणीनुसार स्वतःची बंदूक असलेले प्रौढ 32 टक्के आहेत. कायदे आणखी कडक हवेत म्हणणारे 58 टक्के. किमान वय 21 करावं म्हणणारे 79 टक्के, आणि त्यांत पुष्कळ रिपब्लिकनही आहेत.

मग अडतं कुठे? 2013 च्या त्या मतदानाचा निकाल पाहा: बाजूने 54, विरुद्ध 46. बहुमत बाजूने होतं आणि दुरुस्ती पडली, कारण सिनेटच्या नियमांनुसार चर्चा थांबवायला 60 मतं लागतात. त्यात पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला दोन सिनेटर आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. शिकारीवर प्रेम असलेल्या छोट्या राज्यांतले चार डेमोक्रॅटही विरुद्ध गेले. ते का बिचकले हे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कळलं: कोलोराडोत नव्या कायद्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या दोन राज्य सिनेटरांना मतदारांनी मुदतीआधीच मतदानाने पदावरून काढलं. ज्या थोड्यांना बंदूक जिवापाड प्रिय आहे ते केवळ त्या एका मुद्द्यावर मत देतात. ज्या पुष्कळांना कायदा हवा असतो ते महागाई, आरोग्यविमा, शाळा असं सगळं बघून मत देतात.

23 जून 2022 हा एक दिवस तर सगळी गोष्ट सांगतो. टेक्ससच्या युवाल्डीत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या जाऊन महिना होत आला होता. पोलीस वर्गाबाहेर 77 मिनिटं थांबून राहिले, याचा संताप देशभर होता. त्या रात्री सिनेटने जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा केंद्रीय बंदूक कायदा 65 विरुद्ध 33 मतांनी मंजूर केला, पंधरा रिपब्लिकनांसह. त्याच दिवशी सकाळी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना परवाना कायदा रद्द केला आणि घराबाहेर बंदूक बाळगणं हा घटनादत्त हक्क ठरवला. 2017 च्या लास व्हेगस हत्याकांडानंतर ट्रम्प सरकारने स्वतःहून बंदुकीतून भराभर गोळ्या सुटू देणाऱ्या बम्प स्टॉक या जोडणीवर बंदी घातली होती. तीही याच न्यायालयाने 2024 मध्ये उठवली.

म्हणून ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथे लागू पडत नाही. एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 जण मेले, बारा दिवसांत पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी सगळ्या राज्यांना एका कराराखाली आणलं, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. हे सगळं खरं. पण तिथल्या घटनेत बंदुकीचा हक्क नाही. अमेरिकेत तो आहे, तो बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि 50 पैकी 38 राज्यं लागतात, आणि नागरिकांच्या हातात जवळपास 39 कोटी बंदुका आहेत. हॉवर्डना या तीनपैकी एकही अडथळा नव्हता.

जिथे लोकांना थेट विचारलं जातं तिथे काय होतं, ते मेन राज्यात दिसतं. ईशान्येकडचं थंड, जंगलांचं राज्य, घरोघरी शिकारीच्या बंदुका. 2016 मध्ये पार्श्वभूमी तपासणीची व्याप्ती वाढवण्याचा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी थोडक्या मतांनी फेटाळला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये लुइस्टनला एका राखीव सैनिकाने बोलिंग क्लब आणि बार मिळून 18 जणांना मारलं. त्याच्याविषयी त्याच्या घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी आधीच इशारे दिले होते, पण अशा माणसाकडून बंदूक काढून घेण्यासाठीचा मेनचा ढिला कायदा वापरलाच गेला नाही. पुढच्या वर्षी बंदूक हाती मिळण्याआधी तीन दिवस थांबण्याचा नियम आला. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये रेड फ्लॅग कायद्याचा प्रस्ताव जनमताला गेला तेव्हा, गव्हर्नरचा विरोध असूनही, मेनच्या मतदारांनी तो मंजूर केला.