‘पुढे सगळं एकत्रच करतात’ हे खरं नाही

रामबागेपासून सुदामानगरापर्यंत इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ओला-सुका कचरा वेगळा करून उपयोग नाही, निगमवाले (महापालिकेचे लोक) पुढे सगळं एकत्रच करतात. देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर उचलून दुसरीकडे टाकला. गॅसचा प्लांट म्हणजे आपल्या करावर चाललेला देखावा. सोलरच्या नावाखाली शहर गहाण टाकलं. आणि कान्ह नदी अजून घाणच आहे.

यातलं शेवटचं सोडून बाकी चुकीचं आहे. पहिलं तर घातक आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

दारात येणाऱ्या पिवळ्या गाडीत एकदा डोकावून बघा. ओलं, सुकं, प्लास्टिक, पॅड-डायपर, ई-कचरा, जुनी औषधं आणि घातक वस्तू, असे कप्पे वेगळे आहेत. गाडी ट्रान्सफर स्टेशनवर रिकामी होते तेव्हाही ओलं आणि सुकं वेगवेगळ्या कंटेनरमध्ये दाबून भरतात. तिथून ओलं जातं देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला आणि सुकं छाननीला. हे सगळं एकत्र केलं तर नुकसान आधी प्लांटचंच होईल. तिथे गॅस तयार करतात ते जिवाणू. हवाबंद टाकीत त्यांना भाजीची देठं, शिळी पोळी, आंब्याच्या साली मिळाल्या की मिथेन बनतो. त्यात पिशव्या आणि काचा गेल्या की यंत्रं अडतात, उरलेलं खतही शेतात घालण्याजोगं राहत नाही. हाच ओला कचरा उघड्या ढिगात कुजला, तरी मिथेन निघतोच. फक्त तो हवेत जातो आणि 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो.

गाडीवरच्या एखाद्याने घाईत दोन्ही डबे एकाच कप्प्यात उलटे केलेले मीही पाहिलेत, आणि तिथल्या तिथे त्याला टोकलंय. पण ती त्याची चूक, शहराची पद्धत नव्हे. मेसेज वाचून आपण घरात वेगळं करणं सोडलं, तर मात्र आज खोटी असलेली गोष्ट आपणच खरी करून दाखवू.

डोंगराचं म्हणाल, तर तो हलवला नाही, चाळला. 13 ते 15 लाख टन जुना कचरा उकरून मोठ्या चाळण्यांतून काढला. माती वेगळी झाली, दगड-विटा वेगळ्या झाल्या, जळण्याजोगं प्लास्टिक सिमेंटच्या भट्ट्यांकडे गेलं. 2018 मध्ये यंत्रं भाड्याने आणून हे काम उरकलं आणि जवळपास 100 एकर जमीन मोकळी झाली. ज्यांनी तिथला धूर आणि वास सोसलाय, त्यांना हे सांगावं लागत नाही.

गॅसच्या प्लांटचं उद्घाटन 19 फेब्रुवारी 2022 ला झालं. रोज 550 टन ओला कचरा घेऊन सुमारे 17,000 किलो सीएनजी आणि 100 टन खत देण्याची त्याची क्षमता. प्लांटचं 150 कोटींचं भांडवल खाजगी कंपनीने घातलंय, निगमने नाही. उलट, निदान निम्मा गॅस सिटी बसना मिळावा अशी अट करारातच आहे.

सोलरसाठी निगमचे रोखे, म्हणजे गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज, निघाले फेब्रुवारी 2023 मध्ये, 244 कोटींचे. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांब आणि घाट चढवून आणावं लागतं. 1978 पासून आपण ते पितोय, आणि निगमच्या विजेच्या बिलाचा मोठा वाटा त्याच पंपांचा. ते बिल कमी करायला 60 मेगावॅटच्या सोलर प्रकल्पासाठी कर्ज काढणं याला गहाण टाकणं म्हणत नाहीत. व्याज 8.25 टक्के आहे, ते फेडावं लागेल, हे मात्र खरं.

राहिली कान्ह. 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारं) शहर ठरलं, नाल्यांची तोंडं बंद केली, तरी नदी अजून नदीसारखी झालेली नाही. तशी असती, तर तिचं पाणी उज्जैनजवळ क्षिप्रेत मिसळू नये म्हणून बंद कालवा बांधायची वेळ आली नसती. कृष्णपुरा छत्र्यांपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. त्यामुळे मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर वरची चार वाक्यं पुसा आणि कान्हचं तेवढं ठेवा. ते आपल्या वॉर्डाच्या पार्षदालाही पाठवा.