मागाचे चित्र आणि मोकळे बोलणे

"कोणाला काही अडचण आहे का?" असे मिटिंगमध्ये विचारले, की सोलापुरातल्या बहुतेक कारखान्यांत एकच उत्तर मिळते: "काही नाही साहेब, सगळं व्यवस्थित आहे." मिटिंग संपली की तीच माणसे चहाच्या टपरीवर उभी राहून सगळ्या अडचणी सविस्तर बोलतात. टपरीवरचे हे बोलणे मिटिंगमध्ये यावे म्हणून सध्या प्रशिक्षण देणारी मंडळी एक उपाय सुचवतात. थेट प्रश्न विचारायचा नाही, एक चित्र समोर ठेवायचे आणि "यात तुम्ही कुठे आहात?" एवढेच विचारायचे. मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम पाहतो आणि आमच्याकडे ही पद्धत वापरून झाली आहे. माझे मत असे, की ती चालते. परंतु चित्र माणसांच्या रोजच्या ओळखीचे असले आणि त्याचा अर्थ लावण्याचा हक्क साहेबांनी सोडला, तरच चालते.

पद्धत तशी जुनीच आहे. ब्रिटनमध्ये पिप विल्सन आणि इयन लाँग यांनी १९८० च्या दशकात एक झाड काढले, ज्याच्या फांद्यांवर, बुंध्याशी आणि जमिनीवर वय किंवा कपडे यांपैकी काहीही नसलेल्या गोलसर आकृत्या आहेत. कोणी कोणाला हात देते आहे, कोणी एकटे बसले आहे, कोणी पडते आहे. त्यातली आपली आकृती दाखवायची, इतकाच तो खेळ. सॉफ्टवेअर कंपन्यांत बोटीचे चित्र जास्त चालते. अमेरिकेतल्या ल्यूक होमन यांनी ते मुळात ग्राहकांना वस्तूविषयी तक्रार करता यावी म्हणून योजले होते: बोट म्हणजे वस्तू आणि तिला मागे खेचणारे नांगर म्हणजे तक्रारी.

चित्राने जीभ सुटते याचे कारण साधे आहे. "सुपरवायझर ऐकून घेत नाहीत" असे चारचौघांत म्हणणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणे. तेच बोलणे चित्राकडे बोट दाखवून केले, तर बोलणाऱ्याला माघार घेण्याची वाट राहते आणि ऐकणाऱ्याला अपमान न मानता ऐकण्याची. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी नोंदलेल्या असतील या अपेक्षेच्या उलट, तिथे नोंदी जास्त निघाल्या. त्या गटांत चुका लपवल्या जात नव्हत्या, असा त्याचा उलगडा त्यांनी केला. तपासणी विभागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ज्या पाळीच्या रजिस्टरमध्ये एकही दोष नाही, त्या पाळीचा माल मी आधी उघडून बघतो.

आता चित्र कोणते घ्यावे, हा खरा प्रश्न आहे. बाहेरून आलेल्या एका प्रशिक्षकाने आमच्याकडे बोटीचेच चित्र लावले होते. सिद्धेश्वर तलावातल्या होडीपलीकडे ज्यांचा शिडाशी, नांगराशी आणि खडकाशी कधी संबंध आला नाही, त्यांनी साहेबांच्या तोंडाकडे पाहून उत्तरे दिली. दुसरा उत्साही प्रस्ताव नंदीध्वजाच्या काठीचा होता. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, कसे पेलले जातात, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही, त्यामुळे चित्र ओळखीचे होते यात शंका नाही. तरीही मी त्याला विरोध केला, कारण ज्याच्यापुढे आपण हात जोडतो त्या चित्रात खोट कोण काढणार? पाण्याच्या टँकरचे चित्र मात्र प्रमाणाबाहेर चालले. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ते चित्र लावल्यावर सगळी बैठक उजनी धरणातून येणाऱ्या जलवाहिनीवर गेली आणि कारखान्याचा विषय कोणी काढलाच नाही.

शेवटी आम्ही टॉवेलच्या मागाचेच चित्र घेतले, तेही उभे धागे गुंडाळणाऱ्या आमच्या वार्पिंग विभागातल्या एका मुलाने खडूने काढलेले. ज्यांनी टॉवेलचा माग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की त्यावर उभ्या धाग्याचे दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, असतात. एकाचा धागा कडक ताणलेला असतो आणि त्यावर कापडाचा पाया विणला जातो. दुसऱ्याचा धागा सैल सोडलेला असतो आणि त्याचे लूप वर उठतात. गिऱ्हाईक हात फिरवते ते त्या लूपवर. रात्रपाळीचे एक जुने जॉबर, म्हणजे माग लावून देणारे कारागीर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि जे मिटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत, ते उठले आणि त्यांनी ताणलेल्या बीमवर बोट ठेवले. "हा आम्ही. लूप दिवसपाळीचा. ताण किती द्यायचा ते मात्र आम्हाला कोणी विचारत नाही." त्यावर फोल्डिंगमधल्या एक अक्का तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि मागची सगळी रांग हसली. अर्थ विचारल्यावर कळले, की धागा तुटला की गाठ मारायला बोलावतात, एरवी आमची आठवण कोणाला नसते, असे त्या म्हणाल्या होत्या. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच शेडमध्ये बोलल्या जाणाऱ्या या गावात औपचारिक मराठीतली मिटिंगसुद्धा निम्म्या लोकांना गप्प करते; मागावर बोट ठेवायला भाषा लागत नाही.

इथे साहेबांनी काय करावे, यावर सगळे अवलंबून असते. "म्हणजे अण्णा, तुम्हाला असं म्हणायचंय का, की..." अशी सुरुवात झाली की चित्र संपले. अर्थ त्यांना सांगू द्यावा, मोठ्या हुद्द्याच्या माणसाने सर्वांत शेवटी बोलावे आणि कोण काय म्हणाले याची नावानिशी नोंद करू नये. अण्णांच्या बोलण्यानंतर पाळी बदलताना दोन्ही जॉबरांनी मागापाशी उभे राहून बीमच्या ताणाविषयी बोलून घ्यावे, असे ठरले. यासाठी कंपनीला एक पैसा लागला नाही.

मात्र प्रत्येक गोष्ट चित्रात घालण्याचा जो सोस हल्ली दिसतो, त्याला माझा विरोध आहे. थकलेला ओव्हरटाइम, संरक्षक जाळी नसलेले यंत्र, स्वच्छतागृहाचे तुटलेले दार या गोष्टींना रूपक लागत नाही, दुरुस्ती लागते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी तर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी, असे २०१३ चा कायदाच सांगतो. तिथे चित्रांचा खेळ मांडणे हा तक्रार पातळ करण्याचा प्रकार होईल.

आणखी एक अडचण आहे, जी प्रशिक्षकांच्या स्लाइडमध्ये कधीच नसते. आपल्याकडे यंत्रमागावर आणि युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटांत कितीतरी लोक पीसवर किंवा मीटरवर काम करतात, त्यामुळे अर्धा तास चित्रासमोर बसणे म्हणजे अर्ध्या तासाची मजुरी बुडणे. त्या वेळेची मजुरी धरली नाही, तर लोक जे चित्र पटकन संपेल तेच निवडतील आणि त्यात त्यांचा दोष नसेल. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत कोणी हा अर्धा तास पगारात धरत असेल, तर तो हिशोब कसा बसवला, हे मला जाणून घ्यायचे आहे.