स्लीव्ह राहिली!

फायबर केबल तुटलीय. ओटीडीआर (काचेत प्रकाश सोडून दोष किती लांब ते सांगणारं यंत्र) म्हणतो, कट २,३१७ मीटरवर. आकडा इतका ठाम की तिथं तुटकी केबल आपल्या स्वागताला उभी असणार असं वाटतं. पण हे यंत्र केबलची नाही, आतल्या काचेची लांबी मोजतं. ट्यूबमधला पीळ आणि वाटेतल्या पोलांवर गुंडाळलेले जादा केबलचे लूप, सगळं त्यात आलं. म्हणून मी दरवेळी कटच्या पुढं जातो आणि मान वर करून मागं येतो.

जवळच्या पोलावरचा लूप सरकवून आणता आला तर एका क्लोजरवर, म्हणजे जॉइंट ठेवायच्या एका बंद डब्यावर, भागतं. नाहीतर मधे नवा तुकडा, म्हणजे दोन क्लोजर. २४ कोरला, म्हणजे २४ काचतंतूंना, ४८ जॉइंट.

टोकं खाली घ्यायची, सोलायची, आतली जेली पुसायची. ही जेली हाताला, फोनला, कपाळाला लागते. निघत मात्र कशानंच नाही. मग २५० मायक्रॉनचा कोट काढून १२५ची उघडी काच अल्कोहोलनं पुसायची आणि मग क्लीव्ह, म्हणजे टोक सरळ कापणं. कोन एक अंशाच्या आत हवा. क्लीव्हनंतर पुन्हा पुसायचं नाही, हे पक्कं ठाऊक असूनही हात शिवशिवतो. उडालेले तुकडे लगेच डबीत, कारण बोटात घुसलेला तुकडा दिसत नाही, नुसता बोचतो.

स्प्लायसिंग मशीन काचेच्या आतला ९ मायक्रॉनचा गाभा गाभ्याला भिडवतं, तेवढ्यात वारा सुटतो. झाकण लावा, छत्री धरा, श्वास रोखा. ठिणगी पडते. स्क्रीनवर प्रकाशाची घट फक्त ०.०२ डीबी! असा जॉइंट दिवसातून एखादाच जमतो. कौतुकानं तो हीटरकडे न्यावा, तर स्लीव्ह, म्हणजे जॉइंटवर चढवून तापवायची नळी, मॅटवर लोळतेय. ती जोडायच्या आधीच ओवायची असते. नंतर घालायला फायबरला मोकळं टोक उरतं कुठं? तोडा, पुन्हा सोला.

क्लोजरच्या ट्रेमध्ये फायबरची वेटोळी ३० मिलिमीटर त्रिज्येहून लहान नकोत. झाकणाखाली एखादा कोर चेंगरला, की ओटीडीआरवर १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशात सगळं आलबेल आणि १५५०च्या प्रकाशात आलेखावर पायरी, म्हणजे घट, दिसते. म्हणजे जॉइंट चांगला, बाक वाईट. क्लोजर उघडा.

शेवटी ते वर चढतं, क्लॅम्प आवळले जातात, शिडी उतरते. मी मॅट झटकतो. मोजून ४८ काढलेल्या स्लीव्हपैकी एक खाली पडते.